परत आलेला कंप्रेसरचा प्रस्ताव आणि इंजिनिअरला लागणारा हिशोब

बाष्पयंत्र
शनिवार, रात्री ९:४०

मी गोव्यात वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात युटिलिटीज सांभाळतो. कंप्रेसर, चिलर, बॉयलर, जनरेटर सगळं माझ्याकडे. बारा वर्षं झाली. गेल्या महिन्यात जुना कंप्रेसर काढून व्हीएफडीवाला (हवेच्या गरजेप्रमाणे मोटरचा वेग बदलणारा) स्क्रू कंप्रेसर घ्यायचा प्रस्ताव दिला. दीड वर्षाच्या आत पैसे वसूल, असं त्यात लिहिलं होतं. चार दिवसांनी लेखा विभागातून कागद परत आला. पहिल्याच पानावर पेन्सिलने तीन प्रश्न: जीएसटी धरून किंमत का लिहिली? गेल्या वर्षीच्या ओव्हरहॉलचा खर्च इथे कसा? दोन ऑपरेटरांचा पगार वाचतो म्हणता, ते दोघे कुठे जाणार?

आधी राग आला. मग कागद घेऊन वर गेलो. तिथल्या मॅडमनी पाऊण तास समोर बसवून सगळं समजावलं आणि खाली येताना जाणवलं की तिन्ही प्रश्न बरोबर होते. किंमत ३४ लाख आणि जीएसटी १८ टक्के म्हणजे ६ लाख १२ हजार. मी ४० लाख १२ हजार धरले होते. पण त्या कराचं क्रेडिट कंपनीला मिळतं (तिला भरायच्या जीएसटीतून तेवढा वजा होतो), म्हणजे मशीनची खरी किंमत ३४ लाखच. ओव्हरहॉलचे साडेचार लाख मी 'वाचले' म्हणून पहिल्या वर्षात टाकले होते. ते गेल्या वर्षीच खर्च झाले, नवीन मशीन घ्या किंवा नका घेऊ, परत येणार नाहीत. आणि ऑपरेटर दोघेही बॉयलरवर जाणार आहेत, म्हणजे कंपनीचा पगाराचा एक पैसाही कमी होत नाही.

मग वीज. मी दोन्ही मशीनच्या नेमप्लेटवरचे किलोवॅट घेऊन वजाबाकी केली होती, वर्षाचे ८,७६० तास धरून. आता जुन्या मशीनला दोन आठवडे मीटर लावला. सरासरी ८२ किलोवॅट. हवेची तेवढीच गरज भागवायला नवीन मशीन उत्पादकाच्या आलेखाप्रमाणे ६१ किलोवॅट घेईल. फरक २१. लॉगबुकातून निघालेले तास ७,२००. युनिटला साडेसहा रुपये धरले तर वर्षाला ९ लाख ८३ हजार. देखभालीत सव्वा लाखाच्या जरा कमी. म्हणजे वर्षाची बचत ११ लाख. पहिल्या प्रस्तावात मी पहिल्या वर्षाची बचत ३० लाखांच्या वर दाखवली होती.

हे मी इथे मुद्दाम लिहितोय. आपल्यातल्या कित्येकांनी फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात किंवा आणखी कुठे चार वर्षं थर्मोडायनॅमिक्स शिकलं, पण ताळेबंद वाचायला कोणी शिकवलं नाही. इथे सीए आहेत, धंदेवाले आहेत. प्रत्येकाने आपापल्या कामातलं थोडं थोडं लिहिलं तर एक चांगला धागा होईल. माझा पहिला प्रश्न: ३४ लाख घालून वर्षाला ११ लाख वाचतात, साधारण तीन वर्षांत वसूल. पण मॅडम म्हणाल्या, "वसुलीचा काळ पुरेसा नाही, एनपीव्ही काढून आणा." (म्हणजे पुढच्या वर्षांची बचत आजच्या किमतीत आणून त्यातून गुंतवणूक वजा करायची.) का?


खतावणी
शनिवार, रात्री ११:०५

धागा काढलात ते फार बरं झालं. मी म्हापशाला सीएची प्रॅक्टिस करतो. कारखान्यांचं ऑडिट करताना रोज हेच दिसतं: दोन्ही बाजूंची माणसं हुशार, पण एकमेकांच्या भाषेला घाबरलेली.

वसुलीचा काळ एवढंच सांगतो की पैसे कधी परत येतील. परत आल्यानंतर मशीन दोन वर्षं चालेल की बारा, ते त्यात येत नाही. आणि आजचा रुपया व पाचव्या वर्षीचा रुपया तो एकच समजतो.

तुमचेच आकडे घेऊ. ११ लाख वाचले की नफा ११ लाखांनी वाढतो आणि त्यावर कर लागतो. कंपनीने सवलती सोडून २२ टक्क्यांचा पर्याय घेतला असेल तर अधिभार आणि उपकर धरून २५.१७ टक्के पडतात. हातात उरतात ८ लाख २३ हजार. दहा वर्षं आणि १२ टक्के दर धरला तर त्यांची आजची किंमत साधारण साडेसेहेचाळीस लाख. त्यात घसाऱ्यामुळे (यंत्राची किंमत वर्षावर्षाने खर्चात दाखवणं) वाचणाऱ्या कराचे साडेचार लाख मिळवा. झाले ५१ लाख. त्यातून ३४ लाख वजा केले की उरतात १७ लाख. हीच तुमची एनपीव्ही. आयआरआर, म्हणजे ज्या दराला एनपीव्ही शून्य होते तो दर, साडेतेवीस टक्क्यांच्या आसपास येतो. प्रस्ताव चांगला आहे, आधीच्या कागदात तो लपला होता.

आता तास ७,२०० ऐवजी ५,००० धरून बघा. बाकी सगळं तेच. एनपीव्ही साडेचार लाखांच्या आत येते. म्हणजे या प्रस्तावाचा जीव मशीनच्या किमतीपेक्षा चालण्याच्या तासांत आहे. लेखा विभागाला हे कधीच कळणार नाही, कारण तासांचं लॉगबुक तुमच्याकडे आहे. प्रस्तावात हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा. वरिष्ठांचा विश्वास तिथे बसतो.


फर्मागुडीचा विद्यार्थी
रविवार, सकाळी ८:२०

मी तिसऱ्या वर्षाला आहे, मेकॅनिकल. सर, १२ टक्के कुठून आले? आणि डेबिट-क्रेडिट आधी शिकायचं की हे?


खतावणी
रविवार, सकाळी १०:१५

दोन्ही प्रश्न चांगले आहेत. आधी १२ टक्के.

समजा कंपनीचा अर्धा पैसा बँकेचा आहे, १० टक्के व्याजाने. व्याज हा खर्च असल्यामुळे कर वाचतो, म्हणून ते खऱ्या अर्थाने साडेसात टक्क्यांना पडतं. अर्धा पैसा भागधारकांचा, त्यांची अपेक्षा १६ टक्क्यांची. सरासरी पावणेबारा, म्हणून १२. भागधारकांचा पैसा फुकट असतो असं पुष्कळ जण समजतात, कारण त्याचा हप्ता नसतो. आपल्याकडच्या गांवकरीचं (गावाची सामाईक जमीन सांभाळणारी जुनी संस्था) उदाहरण घे. शेतांची पावणी (लिलाव) व्हायची, बांधबंदिस्तीचा आणि इतर खर्च निघायचा आणि मग उरलेलं गांवकारांत जोण म्हणून वाटलं जायचं. सगळ्यांचं भागल्यावर त्यांची पाळी. जो शेवटी उभा राहतो तो सर्वात जास्त धोका घेतो, म्हणून त्याची अपेक्षाही जास्त. कंपनीचा भागधारक त्याच जागी उभा असतो.

एक चूक इंजिनिअर हमखास करतात. पुढचे पैसे १२ टक्क्यांनी आजच्या किमतीत आणतात आणि वरून कर्जाचं व्याजही खर्चात धरतात. व्याज त्या १२ टक्क्यांत आधीच बसलेलं आहे. दोनदा मोजू नकोस.

आता डेबिट-क्रेडिट. तुम्ही मास बॅलन्स करता ना? आत आलेलं बाहेर गेलेल्याएवढं, किंवा आत साठलेलं. तेच आहे हे. १४९४ साली व्हेनिसमध्ये लुका पाचोली नावाच्या गणितज्ञ धर्मगुरूने ही पद्धत छापून मांडली. व्यापारी ती त्याआधीच वापरत होते. कंप्रेसर आला की यंत्रसामग्री खाते नावे (डेबिट) ३४ लाख, जीएसटी क्रेडिट नावे ६ लाख १२ हजार, विक्रेत्याचे खाते जमा (क्रेडिट) ४० लाख १२ हजार. दोन्ही बाजू सारख्या. या नोंदीने नफा एका पैशानेही हलला नाही, हे बघ. मशीन घेणं हा त्या दिवशीचा खर्च नाही. ते ताळेबंदात बसतं आणि घसाऱ्याच्या वाटेने वर्षावर्षाने नफा-तोटा पत्रकात उतरतं. पण पैसे मात्र एकदाच जातात. नफा आणि रोकड यांच्या वाटा इथेच वेगळ्या होतात. एवढं पक्कं झालं की बाकी सगळं यावर उभं राहतं.

किर्द (रोजच्या नोंदी), खतावणी (खातेवही), तेरीज (खात्यांच्या शिलकांची यादी) हे शब्द आजोबांना विचार. त्यांच्या वेळी दुकानात हे रोज चालायचं.


रसायनी
रविवार, दुपारी १:३०

वाचनखूण साठवली. मी औषध कंपनीत प्रोसेस इंजिनिअर होते, आता त्याच कंपनीत कॉस्टिंग बघते. दोन्हीकडची असल्यामुळे मला या विषयाची फार तळमळ आहे.

घसाऱ्याबद्दल थोडं. कंपनी कायदा, २०१३ च्या दुसऱ्या अनुसूचीत साध्या यंत्रसामग्रीचं आयुष्य १५ वर्षं दिलंय, संगणकाचं ३, सर्व्हरचं ६, कारखान्याच्या इमारतीचं ३०. त्याच अनुसूचीत आहे की मशीन दोन पाळ्यांत चाललं तर त्या काळाचा घसारा ५० टक्क्यांनी वाढतो, तीन पाळ्यांत १०० टक्क्यांनी. ज्या मालमत्तेला ही तरतूद लागू नाही ती तिथे वेगळी दाखवलेली आहे. म्हणजे पुन्हा तुमचं लॉगबुक! आयकराचा घसारा निराळा, यंत्रांना घटत्या किमतीवर १५ टक्के, संगणकांना ४०. त्यामुळे एकाच कंप्रेसरची दोन पुस्तकांत दोन किमती असतात. ५ टक्के भंगार किंमत सोडून कंपनीच्या पुस्तकात वर्षाला २ लाख १५ हजार घसारा पडेल, आयकरात पहिल्या वर्षी ५ लाख १० हजार. कोणी काही लपवत नाही. दोन कायद्यांचे दोन हेतू आहेत.

आता बाष्पयंत्र, तुमच्यासाठी एक महत्त्वाची गोष्ट. वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर आयकरात पहिल्या वर्षी निम्माच घसारा मिळतो. ३१ मार्चपासून मागे मोजा, ३ ऑक्टोबर येतो. आपल्याकडे पावसात पाया ओतायचं काम रखडतं, मग चवथीला निम्मी माणसं गावी. आठवडा इकडेतिकडे झाला की तारीख ओलांडली. आणि यंत्र वापरात कधी आलं याचा पुरावा म्हणजे तुमचं कमिशनिंग प्रमाणपत्र. माझ्या आधीच्या नोकरीत एका चिलरचं प्रमाणपत्र सहीवाचून खणात पडून राहिलं. चिलर सप्टेंबरभर चालला, पण कागदावर तारीख नोव्हेंबरची पडली. घसारा निम्मा मिळाला. राहिलेला पुढच्या वर्षांत मिळतोच, बुडत नाही. पण त्या वर्षीचा कर भरावा लागला.


कुंडईचा फॅब्रिकेटर
रविवार, संध्याकाळी ६:५०

सहीचा विषय निघाला म्हणून लिहितो. माझं कुंडईला फॅब्रिकेशनचं छोटं युनिट आहे, अकरा माणसं. शिकलो आयटीआय, हिशोब शिकलो तो ठेचा खाऊन.

दोन वर्षांमागची गोष्ट. एका मोठ्या कारखान्याची १८ लाखांची ऑर्डर, स्टेनलेसची पाइपलाइन. वर ३ लाख २४ हजार जीएसटी. स्टीलवाल्याला आगाऊ पैसे दिले, वेल्डरांचे पगार दर शनिवारी. काम पूर्ण करून बिल दिलं. पुढच्या महिन्याच्या २० तारखेला जीएसटी भरला, खरेदीवरचं क्रेडिट वजा करून बाकी सगळा खिशातून. गिऱ्हाइकाचा एक रुपया आला नव्हता. का? त्यांच्या साइट इंजिनिअरने तपासणीच्या कागदावर सही केली नव्हती. तो आधी रजेवर, मग शटडाऊनमध्ये. माल लागलेला, त्यातून पाणी वाहतंय, पण सही नाही म्हणून बिल पुढे सरकत नाही. पैसे आले ७८ व्या दिवशी. माझ्या पुस्तकात त्या कामावर अडीच लाख नफा होता आणि बायकोच्या बांगड्या सहकारी सोसायटीत गहाण होत्या. त्या दिवसांत रात्री झोप नव्हती.

नफा असून धंदा कसा बुडतो, ते मला तेव्हा कळलं. माल पडून राहतो ते दिवस, अधिक गिऱ्हाईक पैसे देतो ते दिवस, वजा आपण पुरवठादाराला देतो ते दिवस. जे उरतं तेवढे दिवस आपला पैसा अडकलेला. सीए लोक याला खेळतं भांडवल म्हणतात. माझं अडकतं.

इंजिनिअर मंडळींना हात जोडून एवढंच सांगणं: काम तपासा, चूक असेल तर लगेच लिहून द्या, पण कागद खणात ठेवू नका.


खतावणी
रविवार, रात्री ८:३०

भाऊ, वाचून वाईट वाटलं. तुमच्यासारख्यांसाठी कायदा आहे, इथे लिहून ठेवतो, सगळ्यांच्या उपयोगी पडेल.

२००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराला लेखी करार असेल तर ठरलेल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावेच लागतात. करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. आणि हे बारकाईने वाचा: माल मिळाल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर माल मिळाला तो दिवसच स्वीकृतीचा दिवस धरला जातो. म्हणजे इंजिनिअरने सही रखडवली म्हणून कायद्याचं घड्याळ थांबत नाही.

२०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकरातही तरतूद आली. अशा पुरवठादाराचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत खरेदीदाराला वजावटीत मिळत नाही. मार्चमधलं बिल सही नसल्यामुळे मुदत ओलांडून जूनमध्ये फेडलं, तर त्या वर्षीचं करपात्र उत्पन्न तेवढ्याने वाढलं. त्यामुळे आता मोठ्या कंपन्यांचे लेखा विभाग स्वतःच साइटवर फोन करून सह्या मागतात. भाऊ, तुमची उद्यम नोंदणी आहे ना? बिलावर तो क्रमांक छापा.


कुंडईचा फॅब्रिकेटर
रविवार, रात्री ९:०२

नोंदणी आहे, बिलावर छापत नव्हतो. उद्याच शिक्का करून घेतो. देव बरें करूं.


तांडेल
सोमवार, सकाळी ७:१५

मी निवृत्त माणूस, वास्कोला राहतो. तीस वर्षं बार्जवाल्या एका कंपनीत जमाखर्च पाहिला. वरचं सगळं वाचलं. तरुण मुलं असं बोलतात हे बघून समाधान वाटलं. एक गोष्ट सांगावीशी वाटते, ती एक्सेलच्या कागदात दिसत नाही.

मांडवी आणि जुवारीतून खनिज घेऊन बार्जी मुरगाव बंदराकडे जायच्या. एका बार्जीचं आयुष्य आम्ही पुस्तकात दोन दशकांहून जास्त धरलेलं, आणि लोखंड तसं टिकतंही. बँकेचं कर्ज काढून बार्ज घ्यायची, फेऱ्यांतून हप्ता भागवायचा. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही स्थगिती दिली. २०१४ मध्ये वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून परवानगी मिळाली. मग ७ फेब्रुवारी २०१८ ला न्यायालयाने खाणींच्या ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द केलं आणि १६ मार्चपासून सगळं पुन्हा ठप्प. निकालाच्या बऱ्या-वाइटावर मी बोलत नाही, पर्यावरणाचं नुकसान आम्हीही डोळ्यांनी बघितलं. मी फक्त पुस्तकात काय झालं ते सांगतो.

बार्ज तीच. इंजिन तेच, पत्रा तोच. इंजिनिअर म्हणायचा, "अजून पंधरा वर्षं आरामात चालेल." पण फेरीच नाही. मालमत्तेची किंमत ती पुढे किती पैसा आणेल यावर असते, लोखंडात किती जीव उरलाय यावर नसते. पुस्तकातली किंमत एकीकडे ठेवायची. दुसरीकडे ती वापरून येणारा पैसा किंवा विकून येणारा पैसा, यातला जो जास्त असेल तो. हा दुसरा आकडा कमी निघाला तर फरक तोट्यात लिहायचा. याला इम्पेअरमेंट म्हणतात. आमच्याकडे वापरून येणारा पैसा शून्याजवळ. विकायला गेलो तर सगळ्यांच्याच बार्जी एकाच वेळी विकायला उभ्या. उरला भंगाराचा भाव. ती नोंद लिहिताना माझा हात थरथरला होता. समोर मालक बसलेले, त्यांच्या वडिलांनी पहिली बार्ज घेतली तेव्हा नारळ फोडायला मी होतो.

आणि खर्च थांबत नाहीत. विमा, सर्व्हे, ड्राय डॉक, बार्जीवरची किमान माणसं, बँकेचा हप्ता. डिझेल आणि फेरीचा भत्ता तेवढा थांबला. ज्या धंद्यात स्थिर खर्च जास्त, तिथे चांगल्या वर्षी नफा भराभर वाढतो आणि वाईट वर्षी तितक्याच वेगाने बुडवतो. त्यावर कर्ज असेल तर दुप्पट. ज्यांनी कर्ज कमी ठेवलं होतं, ते तगले.

म्हणून कंप्रेसरवाल्या मुलाला सांगतो: दहा वर्षं धरलीस, पण तुझ्या कारखान्यात ज्या उत्पादनासाठी ती हवा लागते, ते उत्पादन दहा वर्षं चालणार आहे का, हे विचारून घे.


बाष्पयंत्र
सोमवार, सकाळी ९:३०

काका, हे मी विचारलंच नव्हतं. आज प्लॅंट हेडना विचारतो.


रसायनी
सोमवार, दुपारी २:१०

तांडेलकाका, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

स्थिर खर्चावरून आणखी एक सांगते, कारण उत्पादनातल्या माणसाला हे कोणी सांगत नाही. समजा महिन्याचा स्थिर खर्च ६० लाख आहे. १०,००० नग बनवले तर नगाला ६०० रुपये. आता ओईई (यंत्राचा प्रत्यक्ष किती उपयोग होतो तो आकडा) वाढवली, त्याच महिन्यात १२,००० नग काढले. नगाला ५०० झाले. सगळे खूष. पण विक्री १०,००० चीच. उरलेल्या २,००० नगांत प्रत्येकी ५०० प्रमाणे १० लाख स्थिर खर्च जाऊन बसला आणि ताळेबंदात साठा म्हणून गेला. नफा १० लाखांनी जास्त दिसला. एकही नग जास्त विकला गेलेला नाही! उलट त्यांचा कच्चा माल, गोदाम, एसी यात रोकड अडकली. औषधांत तर मुदत संपण्याची तारीख डोक्यावर. माझ्या कारकिर्दीतली पहिली चार वर्षं मी याच आकड्यावर शाबासकी घेतली. पुढे त्यातल्या दोन बॅचेस नष्ट कराव्या लागल्या तेव्हा कॉस्टिंगमध्ये बदली मागून घेतली.

उलटही खरं आहे. यंत्र बिघडून उत्पादन ६,००० वर आलं, तर नगाला १,००० रुपये धरून साठ्यात ढकलता येत नाहीत. लेखामानक सांगतं की स्थिर खर्च नेहमीच्या क्षमतेवर वाटायचा, न वाटलेला त्या महिन्यातच खर्च दाखवायचा. त्यामुळे तुमचा ब्रेकडाऊन नफ्यात सरळ दिसतो. देखभालीच्या बजेटसाठी भांडताना हा आकडा हातात असू द्या.


फर्मागुडीचा विद्यार्थी
सोमवार, रात्री १०:४०

प्लेसमेंटमध्ये जहाजबांधणीच्या एका कंपनीने विचारलं होतं की जहाज पूर्ण व्हायला तीन वर्षं लागत असतील तर उत्पन्न कधी दाखवायचं. मी म्हटलं, जहाज दिल्यावर. चुकलं का?


खतावणी
मंगळवार, सकाळी ७:५०

ते करारावर अवलंबून आहे. जहाज त्या एकाच गिऱ्हाइकासाठी बांधलेलं, दुसऱ्याला विकता न येणारं, आणि झालेल्या कामाचे पैसे मागायचा हक्क करारात असेल, तर काम जसं पुढे जातं तसं उत्पन्न दाखवतात. किती टक्के काम झालं हे बहुतेक वेळा झालेला खर्च भागिले एकूण अंदाजित खर्च असं काढतात. आणि एकूण अंदाजित खर्च कोण सांगतो? प्रकल्पाचा इंजिनिअर. त्याने १०० कोटींचा अंदाज मनात १२० झालेला असताना १०० च सांगितला, तर ६० कोटी खर्च झाल्यावर ५० टक्क्यांऐवजी ६० टक्के उत्पन्न दिसतं आणि त्याच्या हातून नकळत खोटा नफा जाहीर होतो. अंदाज बदलला की त्याच महिन्यात कळवायचा. हे शिकून नोकरीला गेलास तर पहिल्या वर्षीच तुझी किंमत होईल.


बाष्पयंत्र
पुढचा गुरुवार, रात्री १०:१५

उशिरा लिहितोय, माफ करा. नवीन प्रस्ताव सोमवारी दिला. दोन पानांचा. पहिल्या पानावर मीटरचे दोन आठवड्यांचे आकडे, ७,२०० आणि ५,००० तासांच्या दोन्ही एनपीव्ही शेजारी शेजारी. काकांनी सांगितल्याप्रमाणे प्लॅंट हेडना विचारलं. त्या उत्पादनाचं पुरवठा कंत्राट सहा वर्षांचं आहे असं कळलं. म्हणून सहा वर्षांवरही हिशोब केला. १२ टक्क्यांनी साधारण ३७ लाख ७० हजार येतात, म्हणजे ३ लाख ७० हजारांची एनपीव्ही. तोही लिहिला. लपवला असता तर वरून विचारलं असतंच, पण खरं सांगायचं तर मला स्वतःलाच ते माहीत असायला हवं होतं.

काल मंजुरी आली. अट एकच: सहा महिन्यांनी विजेच्या युनिटांचे प्रत्यक्ष आकडे द्यायचे. लेखा विभागातल्या मॅडम म्हणाल्या, मशीन कधीच बघितलं नाही, दाखवाल का. आज त्यांना हेल्मेट, इअरप्लग घालून कंप्रेसर रूममध्ये नेलं. जुना कंप्रेसर लोड-अनलोड होताना त्यांनी पॅनलवरचा आकडा स्वतः वहीत लिहून घेतला. अनलोडवर एकही घनफूट हवा न देता तो २८ किलोवॅट खात होता. "हे कागदावर कळलं नव्हतं," म्हणाल्या.

पायाचं काम पाऊस सुरू व्हायच्या आधी उरकायचं ठरलंय. कमिशनिंगची तारीख सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात. पाइपिंग कुंडईच्या एका युनिटला दिलंय (हे भाऊ नव्हेत), तपासणीचा कागद त्याच दिवशी करायचा असं टीमला सांगितलंय.

एक प्रश्न राहिला. स्टोअरमध्ये जुन्या कंप्रेसरचे सुटे भाग पडून आहेत. बेअरिंग, सील, एक पूर्ण एअरएंड (हवा दाबणारा मुख्य भाग). पुस्तकात ३ लाख २० हजार. काल बिन कार्ड (स्टोअरमधली आवक-जावकेची कार्डं) काढून बघितली, काही डब्यांना २०१६ नंतर कोणी हात लावलेला नाही. दमट हवेने दोन बेअरिंगांच्या पिशवीच्या आत गंज दिसतोय. यांचं काय करायचं?


खतावणी
गुरुवार, रात्री ११:२०

अभिनंदन, मनापासून.

एअरएंड मोठा भाग असेल आणि यंत्राबरोबर मालमत्तेतच धरलेला असेल, तर तो यंत्रासोबतच पुस्तकातून काढतात. बेअरिंग आणि सील साठ्यात असतील. साठा खरेदी किंमत किंवा विकून मिळेल ती किंमत, यातल्या कमी आकड्याने दाखवायचा असतो. साठ्यात असलेल्यांची यादी करा: भाग, खरेदीची तारीख, शेवटचा वापर, आजची अवस्था, आणि हेच मॉडेल वापरणारा दुसरा कारखाना तुम्हाला ठाऊक असेल तर त्याचं नाव. गंजलेल्यांचा फोटो लावा. ही यादी मार्चच्या आत लेखा विभागाला द्या. त्यातला कोणता भाग विकला जाईल आणि कोणता भंगारात जाईल, हे कारखान्यात तुमच्याशिवाय कोणी सांगू शकत नाही.


कुंडईचा फॅब्रिकेटर
शुक्रवार, सकाळी ६:५५

मॉडेल कुठलं? माझ्या ओळखीच्या दोघांकडे पिळर्णला जुने स्क्रू कंप्रेसर चालू आहेत. सील लागतात त्यांना नेहमी. विचारून सांगतो.